डाव्या अंगठ्याची बिस्किटं

आंघोळ झाल्यापासून दुपारच्या प्रार्थनेपर्यंत मी बोलत नाही. हा नेम बरीच वर्षं चालू आहे आणि आता घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. वन्संना तर तो सोयीचाच होता. दिवसातून निदान तेवढा वेळ तरी आपलं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी आहे, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. वन्संची सारी हयात बेकरीत गेली. मागच्या थंडीत मात्र त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून त्यांनी पिठाला हात लावला नव्हता. बिस्किटं केली त्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी येणार होती, आईला कायमची आपल्याकडे न्यायला. वन्संनी हो म्हटलं होतं, कपाटही रिकामं करायला घेतलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. मायलेकींमध्ये आपण काय बोलायचं, म्हणून मीही काही म्हटलं नव्हतं.

भाचीला अंगठ्याची बिस्किटं फार आवडतात. लोणी-साखरेच्या पिठाची गोळी, मधोमध अंगठ्यानं दाबून केलेला खळगा आणि त्यात जर्दाळूचा जॅम. खाताना सोपी वाटतात. करायला मी पहिल्यांदाच उभी राहिले होते. फ्रीजमधून पीठ काढल्या काढल्या गोळ्या वळल्या, अंगठा दाबला, आणि एकूण एक गोळीला कडेनं तडे गेले.

वन्सं काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. ओट्याजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि सुरूच झाल्या. पीठ थंडीनं आखडलंय, त्याला आधी तळहातात जरा ऊब दे. दाराची घंटी दाबल्यासारखा अंगठा रोवू नकोस. मी जॅमची बाटली उघडली तर म्हणाल्या, आधी नुसतीच अर्धवट भाजायची, खळगा फुगून वर येतो, तो चमच्याच्या पाठीनं पुन्हा बसवायचा आणि मग जॅम. मी मान डोलावत होते आणि पुन्हा तेच करत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"सरक, मौनीबाई," त्या म्हणाल्या आणि डाव्या हातानं एक गोळी उचलली.

ती जरा चपटीच झाली. खळगाही एका बाजूला कलला, पण तडा गेला नाही. वन्संनी ती डोळ्यांजवळ धरून पाहिली, नाक मुरडलं आणि दुसरी घेतली. मग मी वळून द्यायची आणि त्यांनी दाबायचं, असं चालू झालं. हात चालू लागला तसं तोंड थांबलं. बेकरीतही त्या अशाच काम करत असतील.

ट्रे भरत आला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी गेले की तुलाही जरा मोकळं वाटेल. नाही का?"

प्रश्न मुद्दाम सकाळी विचारलाय, हे मला कळलं. दुपारी विचारला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मी नाही म्हणून मान हलवली, त्यांनी पाहिलं नाही. दंडाला हात लावला, तरी त्यांची नजर ट्रेवरच. असू दे गं, मला समजतं, म्हणाल्या. आंघोळ घालायची, वेणी घालायची, जिना चढवायचा, कुणी किती करायचं. आणि पुढच्या गोळीसाठी त्यांनी हात पुढे केला.

मी गोळी दिली नाही. प्रार्थनेला अजून अवकाश होता. पण देवाची काय, हात जोडून माफी मागता येते. तो काही रुसून लेकीकडे राहायला जात नाही.

"वन्सं, जाऊ नका," मी म्हटलं. सकाळभर न वापरलेला आवाज, घोगराच निघाला. "उपकार म्हणून नाही सांगत. तुमच्याशिवाय मला करमणार नाही."

त्यांचा हात तसाच राहिला. मी बोलतेय आणि वन्सं गप्प आहेत, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. मग त्यांनी मनगटानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं.

"नेम मोडलास," त्या अगदी हळू म्हणाल्या. आणि ट्रे पुढे सरकवत, "मोडलाच आहेस तर सांग, ओव्हन तापला का?"

ओव्हन मी लावायलाच विसरले होते.

माझी प्रार्थना त्या दिवशी लांबली. उठले तेव्हा भाची येऊन बसली होती आणि बिस्किटं निवत होती. कललेल्या खळग्यांतून जॅम ओघळून कडेला चिकटला होता. एक हातात घेऊन ती उलटसुलट बघत राहिली. ही आईची, हे तिला सांगावं लागलं नाही.

आपण येत नाही, हे वन्संनीच तिला सांगितलं. तिला ते लागलं. आपल्याकडे काय कमी आहे, मामीनं एकटीनं किती ओढायचं, आणि या जिन्यावरून तू घसरलीस तर, असं ती बोलत राहिली. तिचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, पलंगच खाली आणू, बैठकीच्या खोलीत. ती माझ्याकडे वळली.

"मामी, मनापासून सांगतेयस ना? का भिडेखातर?"

"भिडेखातर ती गप्प बसते," वन्सं म्हणाल्या. "आज बोललीय."

भाचीनं चहा संपवला आणि बाह्या वर केल्या. पलंग जिन्याच्या वळणावर अडकला. वन्सं खालून उभा धरा, आडवा धरा, भिंत खरवडू नका, असं सांगत होत्या आणि त्यांचं ऐकलं की तो आणखीच अडकत होता. खाली आल्यावर भाचीनं विचारलं, डोकं खिडकीकडे करायचं का, वारा चांगला येतो. वन्संनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. तिकडे तोंड केलं की ओटा दिसतो.