दोन राजांचा द्रम्म

मी द्रम्म बोलतोय, इराणचं चांदीचं नाणं. तुमचा 'दाम' हा शब्द माझ्याच कुळातला, तेव्हा परका मानू नका.

मी जन्मलो ते पार्थव राजांच्या काळात. एका अंगाला राजा, दुसऱ्या अंगाला बसलेला धनुर्धारी. मग अर्दशीर नावाचा मांडलिक उठला. लढाईत पार्थवांचा सम्राट अर्दवान पडला आणि सासानी घराणं गादीवर आलं. नव्या टांकसाळीत मला तापवलं, नव्या ठशांमध्ये ठेवलं आणि वरून हातोडा घातला. उठलो तो अर्दशीरचा होऊन, पाठीवर पेटती अग्निवेदी घेऊन. कारागीर घाईत असावा. जुनं सगळं पुसलं गेलं नाही.

पुढे कितीतरी शतकं मातीत गेली. हल्ली मी डब्लिनला, सँडीफोर्डमध्ये मोहनच्या फ्लॅटवर असतो. मोहन सॉफ्टवेअरवाला, नाण्यांचा शौकीन. लिलावातून मला घेतलं आणि पाहताच त्याचं तोंड उतरलं. "वेदीवर ओरखडे आहेत. परतच पाठवतो." मी पाकिटात गेलो.

त्याची आई सुरेखाबाई कऱ्हाडहून आली होती. मोहन शनिवारीही लॅपटॉपला चिकटलेला. ती खिडकीतून लुआसच्या ट्रामगाड्या बघून कंटाळली आणि तिने मला बाहेर काढलं.

"हा दाढीवाला कोण रे?"

"अर्दशीर. मांडलिक होता, धन्याला हरवून राजा झाला. आई, कडेने धर हं."

"मग आधीच्या राजाच्या नाण्यांचं काय केलं याने?"

मी दचकलोच! आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मोहनचे हात थांबले. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तो माझ्यावर वाकला.

"आई, हे ओरखडे नाहीत! धनुष्य आहे. हा बघ गुडघा. जुन्या नाण्यावरच नवा छाप मारलाय."

"म्हणजे तो अजून आहे तर खाली," ती म्हणाली. मला तळहातावर ठेवून पुढे बोलली, "मलाही सासरी सुरेखा केलं. आधी मी इंदू होते."

"हे मला कसं माहीत नाही?"

"तू विचारलंस कधी?"

मोहनने लॅपटॉप मिटला. "आता सांग. इंदू कशी होती?"

"इंदू? झाडावर चढायची. भांडायचीही." ती सांगत गेली, तो विचारत गेला. भात गार झाला.

मला परत पाठवलं नाही. सुरेखाबाई कऱ्हाडला परतली. मी मोहनच्या टेबलावर असतो, वेदीची बाजू वर करून. रविवारी तो आईला फोन लावतो आणि आधी विचारतो, "इंदू आहे का घरी?" पलीकडून हसू येतं.

तुमच्याही घरी असं कुणी असेल. विचारून बघा.