नव्वद सेकंदांची बादली

वडिलांनी तळं बांधलं ते पोहायला. ओढ्यावर आडवा मातीचा बांध घातला, एक होडी आणली आणि पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तळं दाखवलं. ते गेल्यावर तळं आम्हा दोघा भावंडांच्या नावावर झालं. ताईच्या वाट्याला निम्मं पाणी आलं. माझ्या वाट्याला उरलेलं निम्मं पाणी, बांधावरचं गवत, घुशींची बिळं आणि तपासणीचे कागद. ताई राहते विमानाने जावं लागेल इतक्या लांब. मी इथेच काठावरच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही, आणि का नाही म्हणून विचारणारे सगळे एकेक करून वर गेले.

मातीचा बांध म्हटला की थोडं पाणी पाझरणारच. आमचा पाझर पायथ्याशी एका पाइपातून बाहेर येतो. दर रविवारी सकाळी त्याखाली बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते घड्याळात बघायचं. नव्वद सेकंद लागले की बांधाची तब्येत ठीक. बादली लवकर भरायला लागली, म्हणजे आत पाण्याने वाट रुंद केली. आणि पाणी गढूळ आलं, तर बांधाची माती वाहून चालली. मग विचार करत बसायचं नाही, खालच्या लोकांना उठवायचं. हे मला धरणं तपासणाऱ्या इंजिनिअर बाईंनी दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात, कारण मी नुसता मान डोलवत होतो.

खालचे लोक म्हणजे एकच घर. ओढ्याकाठी, बांधापासून शंभर पावलांवर. तिथे एक शिवणकाम करणारी बाई आणि तिची पाच वर्षांची मुलगी राहायची. मी बादली घेऊन खाली उतरलो की ती बाई खिडकीतून विचारायची, काका, वरचं सगळं ठीक ना? मी म्हणायचो, ठणठणीत.

अकराला ताईचा फोन. "किती रे छोट्या?" हा तिचा पहिला प्रश्न. त्रेसष्टाव्या वर्षी मला छोट्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं आहे. मी नव्वद म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा आणि मग ती शेजाऱ्यांपासून सुनेपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायची. चांगला तासभर. माझं आठवड्याचं बोलणं तेवढंच. बाकीचे सहा दिवस मी रेडिओशी भांडतो.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी बादली पंच्याऐंशीत भरली. मी तसं सांगितलं. ताई म्हणाली, असं असेल तर तळं रिकामंच करून टाकू, आणि घाईने फोन ठेवला. चार मिनिटं झाली होती. तो आठवडा फार लांब गेला. पुढच्या रविवारी मी नव्वद सांगितले. त्यानंतर बादली ऐंशीत भरो, बहात्तरमध्ये भरो की एकसष्टमध्ये, मी नव्वदच्या खाली आलो नाही. इंजिनिअर बाईंनाही तेच कळवत गेलो. खोटं बोलायचं तर सगळ्यांशी सारखं बोलावं, एवढी अक्कल मला आहे.

मग एका रविवारी पाणी दुधाच्या चहासारखं आलं.

बादली तिथेच टाकून मी धावलो. खालच्या घराचं दार बडवलं. शिवणवालीने एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने मुलीला उचललं आणि प्रश्न न विचारता चढावर गेली. इंजिनिअर बाई दुपारपर्यंत आल्या. पाणी एकदम सोडलं तर बांधाचा आतला उतार घसरतो, म्हणून रोज वीतभर, असं करत सहा दिवस तळं उतरत राहिलं. बांध टिकला. अकराचा फोन खोलीत वाजून गेला होता. कामात आहे, एवढाच निरोप मी ताईला पाठवला.

शनिवारी शिवणवाली तिचं मशीन न्यायला आली. तिला दुसरीकडे खोली मिळाली होती. हे कधीपासून होतं, असं तिने मला विचारलं. त्याच दिवशी सुरू झालं, असं म्हणणार होतो, पण जीभ उचलेना.

"दोन वर्षांपासून," मी म्हणालो.

"दर रविवारी विचारत होते मी तुम्हाला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मशीनची दुसरी बाजू धरायला सांगितली. आम्ही दोघांनी ते उचलून टेम्पोत ठेवलं. मुलगी पुढे बसली होती. मला इतकी लाज वाटली की मी तिला टाटासुद्धा केला नाही.

रविवारी अकराला फोन आला. ताईने नेहमीचंच विचारलं. मी सगळं सांगितलं, खरे आकडे, खालचं घर, मुलगी. का केलं तेही.

"तू बोलत राहावीस म्हणून."

आता ती रागावणार, असं मला वाटलं.

"पंच्याऐंशी म्हणाला होतास ना," ती म्हणाली, "त्या दिवशी घाईने फोन ठेवला तो तिकीट काढायला. तळं रिकामं होण्याआधी महिनाभर तुझ्याकडे येऊन राहायचं ठरवलं होतं. सांगणार नव्हते, एकदम दारात उभी राहणार होते. आठवड्याने तू नव्वद म्हणालास. म्हटलं, मग काही घाई नाही. रद्द केलं."

"मग आता ये."

"आता डॉक्टर प्रवास करू देत नाहीत रे."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला तासभर बोलायची, पण हे नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. चिखल वाळून भेगा पडायला लागल्या होत्या.

सकाळपासून काही खाल्लंस का, तिने विचारलं. मी हो म्हणालो. खाल्लं नव्हतं.