पुस्तकात गेलेली सुई

मी एक जुनी विणायची सुई आहे. खरे म्हणजे आम्ही दोघी आहोत. पण माझी जोडीदारीण एकदा दारात चेंगरून वाकली आणि तेव्हापासून तिने बोलणेच टाकले. त्यामुळे मित्रांनो, दोघींच्या वतीने तक्रार करायचे काम माझ्याकडे आले आहे. आणि तक्रारी पुष्कळ आहेत.

माझा जन्म पोलादाच्या तारेतून झाला. कारखान्यात मला कापले, घासले, एका टोकाला चोच काढली, दुसऱ्या टोकाला टोपण बसवले. मग लोकरीच्या दुकानातल्या खोक्यात पडून राहिले. तिथून मला एका तरुण बाईंनी उचलले. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी. दिवा लागला की लोकांचे फोन जोडायचे, दिवा विझला की मांडीवरचे विणकाम पुढे चालू. सुपरवायझरबाई कुरकुर करायच्या. मग बाईंनी त्यांच्या नातवाला टोपरे करून दिले आणि कुरकुर थांबली.

आमच्या बाईंना राग फार लवकर यायचा. फोनवर लोक वाट्टेल ते बोलत आणि नोकरीत उलट उत्तर द्यायची सोय नव्हती. मग बाई उलट टाका घालत. घरीही तेच. त्यांचे यजमान विजेचे मीटर वाचणारे, स्वभावाने गरीब, पण विसरभोळे. ज्या दिवशी दोघांचा खटका उडे त्या दिवशी वीण इतकी घट्ट पडे की टाक्यातून बाहेर निघताना माझा जीव मेटाकुटीला येई. यजमानांच्या एका निळ्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे. त्या आठवड्यात बाईंच्या सासूबाई राहायला आल्या होत्या.

तरी ते माझे चांगले दिवस होते. शेजारपाजारचे लोक बाह्या चाचपून पाहत आणि म्हणत, “हात आहे हो बाईंचा!” माझे नाव कोणी घेत नसे. पण माझे काही बिघडले नाही. मला काम होते.

बिघडले ते बाईंची मुलगी लेखिका झाली तेव्हा. घरात तिला सगळे ठकू म्हणतात. तिने एक कथा लिहिली. कथेतली बाई खिडकीत बसून आयुष्यभर विणत राहते, कारण तिचा नवरा जहाजावर गेलेला असतो. तो बुडाल्याची बातमी येते आणि ती सगळे विणकाम उसवून टाकते. वाचणाऱ्यांचे रुमाल भिजले म्हणे. पुस्तकाला बक्षीसही मिळाले.

ठकूच्या बाबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, पुस्तक वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

“अगं, यात मी बुडालोय.”

“कुठे?” बाईंनी विचारले.

“समुद्रात. मला पोहताही येत नाही, मी कशाला मरायला जाईन समुद्रावर?”

“मला काय विचारता? मला तिने खिडकीत बसवलंय. आपल्या खिडकीत शिलाई मशीन आहे.”

ठकू हसली. म्हणाली, “आई, अगं ते प्रतीक आहे. विणणं म्हणजे वाट पाहणं.”

“विणणं म्हणजे स्वेटर,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक टाका असा ओढला की मी कळवळले.

पुढे शहरातल्या वाचनालयाने लेखकांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवले. ठकू मला आणि माझ्या जोडीदारणीला घेऊन गेली. आमच्यावर तेव्हा बाबांसाठी घेतलेला करडा बिनबाह्यांचा स्वेटर होता, पाठ निम्मी झालेली. तसाच अर्धा, लोंबता, काचेच्या कपाटात गेला. खाली पाटी लावली: ‘वाट पाहणाऱ्या हातांची सुई’.

मित्रांनो, त्या कपाटात माझी जी घुसमट झाली ती काय सांगू! एक प्राध्यापक आले आणि म्हणाले, दोन सुया म्हणजे पती-पत्नी. दुसरे म्हणाले, छे, लोकर म्हणजे काळ. तिसऱ्या बाईंना माझ्यात बेडी दिसली. बेडी! मी ओरडून सांगत होते की मी सुई आहे, आणि टाके ताणून सैल पडताहेत तेवढे कोणीतरी बघा. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या एकच बाई काचेला नाक लावून पुटपुटल्या, “अरेरे, मधेच सोडलाय की.” मला त्यांच्या गळ्यात पडावेसे वाटले. प्रदर्शन लोकांना इतके आवडले की त्याची मुदत वाढवली. माझ्या टोपणाखाली गंज धरला.

आणि एक दिवस बाबा आले. धापा टाकत थेट ग्रंथपालबाईंसमोर उभे राहिले.

“ती सुई द्या.”

“काका, ती प्रदर्शनातली वस्तू आहे. लेखिकेला विचारावं लागेल.”

“लेखिका फोन उचलत नाही. आणि वस्तू माझ्या बायकोची आहे. न्हाणीघरात पाय घसरला, मनगट मोडलं. काल प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणतात, बोटं आत्ता हलवली नाहीत तर कायमची धरतील. नव्या सुया आणल्या मी, प्लास्टिकच्या. तिने भिरकावून दिल्या. माझ्याच सुया आणा म्हणते.”

“ते खरं, पण तुम्ही लेखिकेचे...?”

“मी त्या गोष्टीतला बुडालेला नवरा.”

ग्रंथपालबाई बघतच राहिल्या. ती कथा वाचून त्या स्वतः रडल्या होत्या. “अहो, पण तुम्ही तर...”

“तेच सांगतोय. उघडा लवकर, बस चुकेल.”

त्यांनी किल्ली आणली.

मला वाटले, सुटले एकदाची. घरी गेले आणि माझाच धीर खचला. बाईंचा उजवा हात लाकडासारखा झाला होता. अंगठा सुजलेला, बोटे मिटत नव्हती. त्यांनी मला धरले आणि मी निसटले. पुन्हा धरले, पुन्हा निसटले. एक टाका पडला आणि खालच्या ओळीतून सरसर सुटत गेला. बाईंनी मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला फेकले. मी पलंगाखाली गेले. बाबांनी गुडघ्यावर बसून झाडूने मला बाहेर काढले, लेंग्याला पुसले आणि पुन्हा बाईंच्या हातात दिले. हे संध्याकाळपर्यंत चालले.

मग ठकू आली, फणफणत. “बाबा, मला न विचारता कपाट उघडायला लावलंत?” तेवढ्यात तिचे लक्ष आईकडे गेले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. दुःखाचे नव्हे, तो राग मी चांगला ओळखते.

“आई, हे किती...”

“याचा काही अर्थ काढलास तर बघ!” बाई ओरडल्या. “टाका पडलाय. तो उचल.”

ठकू खाली बसली. तिने टाका उचलला तो पीळ पडून. बाईंनी सोडायला लावला. पुन्हा चुकला. “मला जमत नाही गं,” ती म्हणाली.

“मलाही जमत नाहीये. कर.”

तिसऱ्यांदा टाका बसला. मग बाईंनी डाव्या हाताने लोकर धरली, ठकूने त्यांचा उजवा अंगठा माझ्यावर दाबून धरला, आणि दोघींनी मिळून एक ओळ केली. एवढी वेडीवाकडी ओळ माझ्या अंगावर कधी झाली नव्हती.

मित्रांनो, पुढे सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. बाईंचा अंगठा आजही पुरता वळत नाही. थोडे विणले की तो ठणकतो आणि त्या चरफडत मला बाजूला ठेवतात. ठकू सुट्टीच्या दिवशी येते, चुकते, बोलणी खाते. स्वेटर खाली सरळ आणि वर नागमोडी आहे. उसवू का, असे बाईंनी विचारले तर बाबा म्हणाले, “खबरदार! मला थंडी वाजते.”

तुम्ही आमच्यावर गोष्टी लिहा, कविता करा, माझी ना नाही. पण लिहायच्या आधी विणणाऱ्या बाईला विचारा की ती काय विणते आहे आणि कोणासाठी. आम्हाला काचेत ठेवू नका. वापरा, पुसा, कोरड्या डब्यात ठेवा. आणि विणताना कोणी हाक मारली, दाराची बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, तरी एवढे कराच. निदान हातातली ओळ पुरी करून उठा.