दारातला प्रश्न

"डॉक्टर, पोट लई दुखतंय म्हनती. काल बेल्ह्याच्या बाजारात भेळ खाल्ली व्हती," गोरख म्हणाला. त्याच्या खांद्यावर त्याची आठ वर्षांची मुलगी समृद्धी मान टाकून होती. सकाळचे आठ वाजले होते.

डॉक्टर सोपान यांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली आणि कॉम्प्युटरकडे वळले. विषबाधा आणि सर्पदंश ओळखायला मदत करणारा तो प्रोग्राम राजुरीच्या वृषालीने लिहिला होता. दोन महिने ती नारायणगावच्या या दवाखान्यात वही घेऊन बसली होती. डॉक्टर पेशंटला काय विचारतात, कशावरून ठरवतात, सारं तिने टिपलं आणि त्याचे अकरा प्रश्न केले. अक्षरं मोठी, रंग तीनच. चष्मा विसरला तरी डॉक्टरांना दिसावं, असं.

ताप? नाही. फवारणीच्या औषधाशी संबंध? नाही. चाव्याची खूण? डॉक्टरांनी पोरीचे हातपाय उलटसुलट पाहिले. नाही. सूज? नाही.

पडदा हिरवा झाला. 'साधी पोटदुखी. घरी पाठवता येईल.'

"चाळीस सेकंद!" डॉक्टर हसले. "वृषाली, मला तर इतका वेळ नाव विचारायलाच लागतो."

शेजारी उभ्या असलेल्या वृषालीलाही हसू आलं. तेवढ्यात तिचं लक्ष समृद्धीकडे गेलं. पोरगी हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघत होती. उंच फळीवरचं काही पाहावं तशी. पण समोर तर फक्त डॉक्टर होते.

"काय बघतेस गं?"

"दिसत न्हाई नीट." आवाज नाकातून आला.

वृषालीला ते बरं वाटलं नाही. का, ते तिला कळेना. पडदा तर हिरवा होता. तिने दाराकडे पाहिलं. तिथे दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई फडकं धरून उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. वीस वर्षं त्या दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाशी बोलत आल्या होत्या. सोमवारीच वृषालीने त्यांना सांगितलं होतं, "मावशी, दारात कुणाला काही विचारू नका. लोकांची उत्तरं बदलतात. आता कॉम्प्युटर विचारेल." स्टूलही तिनेच आत ठेवायला लावलं होतं.

"मावशी, काय झालं?"

"मला इचारायचं न्हाई म्हनलीस ना, बाई."

"विचारा! लवकर विचारा."

झुंबरबाई पुढे आल्या. पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "रात्री खाली झोपली व्हतीस का गं?"

उत्तर गोरखने दिलं. "व्हय की. पाव्हणं आलं व्हतं, खाट त्यांना दिली. का वो?"

डॉक्टर इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे पडली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खूण राहत नाही, सूज येत नाही. पोट दुखतं, मग पापण्या मिटतात, मग श्वास थांबतो.

"शीला, सापाचं इंजेक्शन काढ!" त्यांनी सिस्टरला हाक मारली.

दहा वाजता समृद्धीचा श्वास थांबत आला. पुण्याला न्यायचं तर वाटेतच थांबला असता. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि तिला रबरी फुगा जोडला. फुगा दाबला की पोरीची छाती उचलायची, सोडला की बसायची. पाळ्या लागल्या. डॉक्टर, शीला, गोरख.

वृषालीची पाळी आली तेव्हा ती फुगा भराभर दाबू लागली. फुग्यावरून तिची नजर हलेना. चाळीस सेकंद, चाळीस सेकंद, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. आत्ता ही पोर भेळेचं औषध घेऊन बेल्ह्याच्या जीपमध्ये असती.

"घाई करू नगं," शेजारी बसलेल्या झुंबरबाई म्हणाल्या. "तू कशी शास घेतीस? तसाच तिला दे."

संध्याकाळी डॉक्टर वृषालीजवळ येऊन बसले. "तुला हा प्रश्न मी सांगितला नाही, कारण तो मी कधी विचारलाच नाही. मावशी पेशंटला आत आणतानाच म्हणायच्या, 'खाली झोपलेलं हाय.' मला वाटायचं, मीच ओळखतो."

वृषाली फुगा दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समृद्धीची डावी पापणी दोऱ्याएवढी उघडली. गोरखने ती पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वृषाली आतल्या खोलीत गेली. स्टूल काढलं, पुसलं आणि दारात जागेवर ठेवलं. मग कॉम्प्युटरपाशी बसली.

शुक्रवारी पहिला पेशंट आला तेव्हा डॉक्टरांच्या पडद्यावर अकरा प्रश्नांच्या आधी एक नवा रिकामा चौकोन होता. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'झुंबरमावशी काय म्हणाल्या?'

डॉक्टरांनी हात थांबवला आणि दाराकडे पाहिलं. झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं. त्या स्टुलावर बसून एका म्हातारीला विचारत होत्या, "बया, काल कुठं झोपली व्हतीस?"