उलट्या पावलांची प्रदक्षिणा

दोर वळणाऱ्या बाईचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे. धाग्याचं टोक चाकाला अडकवायचं, कमरेला गुंडाळलेला ताग बोटांतून सोडत सोडत मागे मागे जायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी चाक फिरवायचं. थोरलीनं जन्मभर हेच केलं. गल्लीत सांगतात, एकदा ती अशीच मागे जाता जाता समुद्र ओलांडून गेली आणि पलीकडच्या काठावरून ओरडली, "अगं, पुरे का एवढी लांबी?" हे खोटं असेलही. पण तिच्या दोराला बांधलेला ढग वादळातसुद्धा जागचा हलला नव्हता, हे तिचे वैरीही कबूल करतात.

चाकापाशी धाकटी बहीण बसायची. थोरलीच्या पाठीला डोळे नव्हते. ते धाकटीच्या तोंडात होते. "ताई, बादली." "ताई, डावीकडे घे, कोंबडी आहे." "थांब जरा. मागे शेजारच्या काकू उभ्या आहेत, त्या काही हलायच्या नाहीत."

मग आई गेली आणि धाकटीचं तोंड मिटलं.

बुद्धाच्या अस्थी जिथे ठेवल्यात त्या मोठ्या स्तूपाला एकदा प्रदक्षिणा घालायची, एवढीच आईची इच्छा होती. थोरली दर वेळी म्हणायची, "एवढा माल जाऊ दे, मग निघू." माल जात राहिला, आणि एके दिवशी आईही गेली. तेव्हापासून धाकटी बोलायची ती मांजरीशी. "मने, तुझ्या मावशीला सांग, जेवण झाकून ठेवलंय." मांजर या मध्यस्थीनं इतकी फुगली, की दारातून आत येताना श्वास आत ओढून घ्यायची.

एक मात्र होतं. हाका बंद झाल्या तरी अंगणात मागे जाताना थोरली कधी धडपडली नाही. तिला वाटलं, आपले पाय आता शहाणे झाले.

स्तूपाजवळच्या विहारातून निरोप आला, की पताकांची जुनी दोरी कुजली आहे, नवी हवी. थोरलीनं आईच्या पांघरुणाचे धागे तागात मिसळून दोरी वळली. धाकटी मांजरीला म्हणाली, "मीही जाणार आहे म्हणावं." बसमध्ये एक पुढे बसली, एक पार मागे. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तशातली गत. खिडकीशी डोकं टेकून थोरली एकच गोष्ट मागत होती: दर्शन घडो न घडो, पण ही एकदा मला ताई म्हणू दे.

पोहोचल्या तेव्हा सकाळ होती आणि धुकं असं, की सुरी घेऊन वड्या पाडाव्यात. स्तूप जमिनीवर नव्हताच मुळी. पालथ्या घातलेल्या पांढऱ्या वाडग्यासारखा तो धुक्यावर तरंगत होता, आणि खालून माणसं हळूहळू फिरत होती. कुणाच्या हातात दिवा, कुणाच्या हातात फूल. पाय कुणाचेच दिसत नव्हते. त्यांची गुणगुण दुधावरच्या सायीसारखी हवेत धरली होती.

विहाराच्या दारात म्हातारे भन्ते उभे होते. थोरलीनं वाकून वंदन केलं आणि विचारलं, "भन्ते, जिला यायचं होतं ती तर गेली. आता आम्ही चालून तिला काय मिळणार?"

"बुद्ध तरी कुठे घरी आहेत, बाई?" भन्ते म्हणाले. "तरी माणसं येतातच. जो गेला त्याला आठवत नीट चालायचं, आणि चालून जे पुण्य साचेल ते वाटून टाकायचं. यात्रा म्हणजे दुसरं काय? स्तूप उजव्या हाताला ठेवा. एकीनं एक टोक धरा, दुसरीनं वेटोळं. दोरी भुईला लागू देऊ नका."

थोरली टोक घेऊन पुढे झाली. धाकटी वेटोळं सोडत मागून निघाली. पाचदहा पावलं बरी गेली. मग दोरीला ताण आला. तो ताण थोरलीच्या बोटांनी ओळखला आणि तिला न विचारताच तिचे पाय गर्रकन वळले. ती मागे मागे चालू लागली. जायची दिशा तीच, लोक चालले होते तीच. पण तोंड धाकटीकडे आणि स्तूप डाव्या हाताला.

लोक बाजूला सरकू लागले. एक आजोबा पुटपुटले, "या वयात पुढचं दिसेना झालं का बाईंना?"

थोरलीला काही ऐकू आलं नाही. तिला फक्त धाकटी दिसत होती. कामात नजर धाग्यावरच असायची; किती दिवसांत तिनं हा चेहरा नीट पाहिला नव्हता. कानाजवळ केस पांढरे झाले होते. हनुवटी अगदी आईची. धुक्यात ती हनुवटी मधूनच विरायची आणि पुन्हा उमटायची, तेव्हा वाटायचं, दोरीचं दुसरं टोक आईनंच धरलंय.

धाकटीनं नजर खाली वळवली. मग थोरलीच्या पायांकडे. मग त्या पायांच्या मागे. तिचे ओठ हलले, मिटले.

"ताई, पायरी."

थोरली थांबली. टाच पायरीच्या कडेवर होती.

"एकच आहे," धाकटी म्हणाली. आवाज गंजलेल्या चाकासारखा करकरला. "उतर. आता सरळ. इथे काय मी झाडून ठेवलेलं नाही."

"म्हणजे अंगण तू..."

"मग काय मांजर झाडत होती?"

थोरली पायरी उतरली. "आईला आणायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो, हवं होतं," धाकटी म्हणाली. तिनं हे पुसून टाकलं नाही, की आणखी उगाळलंही नाही. "उजवीकडे घे. दिवे आहेत."

फेरी पुरी झाली तेव्हा भन्तेंनी दोरी हातात घेतली. ते थोरलीला म्हणाले, "तुमचे पाय बरोबर गेले, तोंड तेवढं उलटं राहिलं. पुढच्या फेरीला जमवा." दोघींनी हात जोडले आणि एकदमच म्हणाल्या, "हे पुण्य आमच्या आईला मिळो." कोण आधी म्हणाली, कोण नंतर, ते धुक्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या फेरीला धाकटी म्हणाली, "आता मी उलटी चालते. बघू तरी तुला काय दिसायचं."

"स्तूप उजव्या हाताला ठेवायचाय."

"एक फेरी तुझ्यासारखी. मग शहाण्यासारखी."

आणि ती थोरलीचे दोन्ही हात धरून मागे मागे निघाली. पहिल्यांदाच असं चालत होती. पावलं चाचपडत होती, पण मान वळवून एकदाही पाहिलं नाही. थोरली तिच्या खांद्यावरून बघत गेली. धुकं, फूल, कुणाची तरी काठी.

"डावीकडे. हं. आता सरळ. थांब, मागे हत्ती आहे."

"चल, काहीतरीच."

धाकटीनं हसतच आणखी एक पाऊल मागे टाकलं, आणि तिची पाठ दगडी हत्तीच्या थंडगार पोटाला जाऊन टेकली.