भिंतीवरची रेघ

मिस्त्रींच्या गॅरेजात मागच्या भिंतीवर एक आडवी लाल रेघ होती. ती त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मिस्त्रींनी काढलेली. मोटारसायकल पंधरा फुटांवर उभी करायची, वर माणूस बसवायचा, दिवा लावायचा आणि उजेडाची वरची कड रेघेला टेकेपर्यंत स्क्रू फिरवायचा. बाकीचे अंदाजाने दिवे बसवतात, आम्ही मापाने बसवतो, हे मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. दोन वर्षांपूर्वी गॅरेजातली उखडलेली जमीन दुरुस्त करायची म्हणून तिच्यावरच काँक्रीटचा नवा थर घातला आणि भिंती रंगवल्या. तेव्हा रंगाऱ्याचा ब्रश रेघेला लागू नये म्हणून मिस्त्री दिवसभर समोर स्टूल टाकून बसले होते. त्यांच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ होती.

त्यांची लेक वीस किलोमीटरवरच्या इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती, ड्यूटी रात्रीची. हा वॉर्ड मिळावा म्हणून तिने चार वर्षं मेट्रनची पाठ सोडली नव्हती. गेलं वर्षभर मात्र ती एकच तक्रार करत होती, की गाडीचा दिवा पुढच्या चाकापाशी लख्ख पडतो आणि त्यापुढे काही म्हणजे काही दिसत नाही. मिस्त्रींनी मोठा बल्ब घातला, काच बदलली, वायरिंग नवीन केलं आणि दर खेपेला दिवा रेघेवर आणून ठेवला. चाकापाशी आणखीच लख्ख झालं. मग त्यांनी निदान केलं की दोष तिच्या डोळ्यांत आहे. डोळ्यांच्या डॉक्टरने नजर उत्तम असल्याचं सांगितलं, तर मिस्त्री म्हणाले, त्याला काय कळतंय.

मागच्या महिन्यात वळणावरचा पांढरा दगड तिला दिसलाच नाही आणि ती गाडीसकट खड्ड्यात गेली. कोपर सोलवटण्यावर निभावलं, पण तिने हाय खाल्ली. वॉर्ड सोडून दिवसाच्या रेकॉर्ड खोलीत बदली मागणारा अर्ज तिने लिहिला. तो आज ड्यूटीवर गेल्यावर मेट्रनच्या हातात पडणार होता. मिस्त्रींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दिव्यात खोट असेल हे त्यांच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती.

अंधार पडल्यावर त्यांनी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा माप घेतलं. लेक गाडीवर बसली. उजेडाची कड रेघेला तंतोतंत टेकली. मिस्त्री विजयी मुद्रेने भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि बोटाने रेघ दाखवू लागले.

लेक त्यांच्या पोटाकडे बघत राहिली. थोरल्या मिस्त्रींची एक गंमत घरात सगळ्यांना पाठ होती. रेघ कधी पुसली गेलीच तर घाबरू नकोस, असं ते आपल्या बुटक्या मुलाला सांगत. भिंतीला टेकून उभा राहा, तुझी बेंबी सांगेल.

"बाबा, रेघ बेंबीच्या खाली आहे."

पोट सुटलंय, दुसरं काय, असं मिस्त्री म्हणाले.

"सुटलं तर बेंबी खाली येईल. इथे ती चार बोटं वर गेलीय. या वयात उंची वाढली का तुमची?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. आधी बेंबीकडे, मग पायांखालच्या काँक्रीटकडे. दारापाशी थराची कड उघडी होती. तिथे जाऊन त्यांनी उकिडवं बसत हात लावला. बरोबर चार बोटं.

ते उठून भिंतीपाशी आले. मग रेघेच्या वर चार बोटांवर त्यांनी खडूने नवी रेघ मारली, कड तिथवर आणली आणि गाडी बाहेर काढून दिली. लेक वळणापर्यंत जाऊन आली.

"दगड लांबूनच दिसला," ती म्हणाली.

मिस्त्री मान खाली घालून उभे होते. "डोळे तुझे चांगलेच होते," ते म्हणाले. "मी उगाच तुझ्यावर ढकललं."

दोन वर्षांत त्या भिंतीसमोर दीडेकशे गाड्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातल्या किती जणांनी आपल्याच डोळ्यांना बोल लावला असेल, हे आता त्यांच्या ध्यानात आलं. दारावर सूचना लावायला हवी म्हणून ते कागद शोधू लागले. लेकीने पर्समधून अर्ज काढून दिला. मागची बाजू कोरी आहे म्हणाली.

त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं: दोन वर्षांत इथे दिवा बसवून घेतलेल्यांनी गाडी परत आणावी. चूक आमची आहे.

लेकीने वाचलं. "आमची कशी? आजोबांची रेघ बरोबर होती."

मिस्त्रींनी एकवार भिंतीकडे पाहिलं, 'आमची' खोडलं आणि वर 'माझी' लिहिलं.