पाऊस पडलाच नाही म्हणे!

मी एक जुना पर्जन्यमापक आहे आणि, मित्रांनो, स्पष्टच सांगतो, माणसांपुढे मी हात टेकले आहेत.

न्यूझीलंडच्या एका खोऱ्यात, लिंडसे पॅस्को या दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणाच्या टोकाला, ओढ्याकाठी प्रादेशिक परिषदेने मला रोवले. वर पत्र्याचे नरसाळे, आणि पोटात डुगडुगणारे दोन चिमुकले चमचे. पावसाने एक भरला की टक् करून कलंडतो आणि दुसरा वर येतो. माझा प्रत्येक टक् दूर शहरात, परिषदेच्या कचेरीतल्या पडद्यावर उमटतो.

तरुणपणी माझा मान मोठा होता. माझ्या आकड्यांवरून पुराची चाहूल लागायची आणि खालच्या शेतांतल्या गाई वेळेत टेकडीवर जायच्या. कचेरीतली माणसे माझे नरसाळे पुसायला यायची आणि जाताना लिंडसेच्या घरचे स्कोन, म्हणजे गरमागरम छोटे पाव, खाऊन जायची.

मग परिषदेच्या जमीन खात्याने ठरवले की ओढ्यात शेण जाऊ नये म्हणून काठाने झाडे लावायची. विचार उत्तम होता. पण लावली कुठे? माझ्या अगदी भोवती! परिषदेच्याच माणसांनी, परिषदेच्याच पर्जन्यमापकाला घेरले. पाऊस मोजणारे वेगळे, जमीन बघणारे वेगळे, पाणी तपासणारे वेगळे. बसतात एकाच छपराखाली, पण एकमेकांना विचारतील तर शपथ! झाडे वाढली. पाने, पक्ष्यांची घाण, सगळे माझ्या नरसाळ्यात साचू लागले. पुसायला येणारेही बंद झाले. पडद्यावर आकडा दिसतोय ना, मग कशाला जायचे? त्या आकड्यात दम राहिला नव्हता, हे कोणी पाहिलेच नाही.

माझ्या शेजारच्या फाटकावर लिंडसेची स्वतःची प्लास्टिकची नळी आहे. अशी नळी इथे प्रत्येक शेतकऱ्याकडे असते. पाऊस झाला की सकाळी ती वाचायची आणि शेजाऱ्याला फोन करून फुशारकी मारायची, ही इथली रीतच. नळीत तीस मिलिमीटर असले की लिंडसे टेकडीपलीकडच्या नायरीला सांगणार, "चाळीस पडला!"

"तुझ्या ढगाला दोन आचळं जास्त आहेत का रे?" ती विचारायची.

या वसंतात एका दुपारी आमच्याच बाजूला ढगफुटी झाली. नळी भरून वाहिली. साऱ्या कुरणांची शेणमाती घेऊन ओढा गढूळ झाला. आणि मी? माझा गळा तुंबलेला. एक टक् निघेल तर शपथ! मी आतून किती तडफडलो ते माझे मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पाणी खात्याने खालच्या पुलाजवळून बाटली भरून नेली. पाण्यात शेणाचे जंतूच जंतू निघाले. पडद्यावर पाऊस शून्य. झाले! पाऊस नाही, तर घाण आली कुठून? लिंडसेने गोठ्याच्या शेणपाण्याचे तळे ओढ्यात सोडले असणार.

परिषदेचा तपासनीस तामाती आला आणि माझ्याजवळ उभा राहून म्हणाला, "लिंडसे, आमच्याकडे त्या दिवशी थेंबसुद्धा नाही."

"अरे, माझी नळी वाहत होती!"

"तुझ्या नळीला अख्खं खोरं ओळखतं."

लिंडसेने नायरीला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "सांग याला, किती पडला ते!"

"माझ्याकडे नुसते शिंतोडे आले," ती म्हणाली. "तुझ्याकडचं मी कसं सांगू, लिंडसे? तुझ्या आकड्यांवर शपथ घेऊ?"

लिंडसेचा चेहरा पडला. "गोठ्याचा परवाना गेला तर दुधाचा टँकर फाटकात वळणार नाही, तामाती. एवढ्या गाई घेऊन मी जाऊ कुठं?"

तामातीचे बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतले होते आणि हा गृहस्थ म्हणतो, पाऊस नाही! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे काकणच कोणाला दिसेना.

शेवटी पुरावा म्हणून माझा फोटो काढायला त्याने झाडाच्या फांद्या बाजूला सारल्या. मी दिसेना, म्हणून मला धरून वाकवले. माझ्या तोंडात काठोकाठ साचलेले पाणी, कुजक्या पानांसकट, त्याच्या बाहीत शिरले, ते थेट कोपरापर्यंत.

"अरेच्चा! हे तर गच्च भरलंय!"

लिंडसे शांतपणे म्हणाला, "शून्य आहे ते. बाही पिळून घे."

आरोप मागे घेतला गेला. माझा गळा मोकळा झाला, भोवतीची झाडे छाटली गेली. लिंडसे आता स्वतः येऊन मला पुसतो. परवा पाऊस झाला तेव्हा माझ्यासमोरच त्याने फोन लावला.

"नायरी, बारा पडला."

"खरं किती?"

"अगं, बाराच!"

"तब्येत बरी आहे ना रे तुझी?"

बिचारा नळीकडे बघत उभा राहिला. बाराच होता तो. मीही तेवढाच मोजला होता.

म्हणून सांगतो, मित्रांनो, अधूनमधून येऊन माझे तोंड साफ करत जा आणि आपलेही साफ ठेवा. एकदा विश्वास उडाला की खरा पाऊससुद्धा कोणाला ओला वाटत नाही.